काटकसरीचं बिऱ्हाड

सरकारी दप्तरात मी हिंगणीत राहत नाही. माझा जन्म हिंगणीचा, घर हिंगणीचं, कपाशी-तुरीचं वावर हिंगणीच्या शिवारात आणि उधारीसुद्धा हिंगणीच्याच किराणा दुकानात. पण एका कार्यालयाच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'हिंगणा' असं पडलं होतं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. काम अजून व्हायचं आहे.

हिंगणा नागपूर जिल्ह्यात. तिथे एमआयडीसी आहे, कारखाने आहेत आणि आता नागपूरची मेट्रोही हिंगणा रस्त्यानं लोकमान्य नगरपर्यंत आली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या हिंगणीजवळ बोर धरण आहे आणि त्याला लागून व्याघ्र प्रकल्प. फरक एका काना-वेलांटीचा, पण त्यात आख्खा जिल्हा बदलतो. दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा बाबूंनी मला प्रेमानं समजावून पाहिलं.

"काकाजी, कायले बदलता? हिंगण्याले मेट्रो आली. जागेचे भाव वाढले."

"पण माझी जागा तिथं नाही ना जी!"

"कागदावर तं हाये!"

मी हट्ट सोडला नाही. बऱ्याच महिन्यांनी दुरुस्ती झाली. उघडून पाहतो तर 'हिंगणघाट'. बाबूंच्या चेहऱ्यावर मात्र कर्तव्य पार पाडल्याचं समाधान. म्हणाले, "जिल्हा तं बरोबर आला का नाही? एकदमच सगळं नाही होत. येऊ हळूहळू गावापर्यंत."

अशा रीतीनं सरकारनं मला आधी नागपूर जिल्ह्यात नेलं, तिथून परत वर्धा जिल्ह्यात आणून दुसऱ्या तालुक्यात टाकलं, आणि या सगळ्यात कुणाचा एक पैसा खर्च झाला नाही. म्हणून तेच कार्यालय आता खर्च वाचवण्यासाठी दुसरीकडे हलवणार अशी बातमी पानठेल्यावर आली, तेव्हा पहिला विचार माझ्या मनात आला तो हाच, की एवढा व्याप कशाला? मला हलवलं तसंच हलवा. कागदावर.

कार्यालय गावातल्या एका खासगी घरात भाड्यानं होतं. पुढच्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत बाबू आणि स्वयंपाकघरात आवक-जावक. फायली ओट्यावर ठेवायची पद्धत होती, त्यामुळे प्रकरणं वर्षानुवर्षं शिजत राहत. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात शिक्के आणि शाईचं पॅड. म्हाताऱ्या बायका अंगठा द्यायला येत तेव्हा सवयीनं आधी त्या कोनाड्याला हात जोडत, आणि कामं जर कुठल्या शक्तीनं होत असतील तर ती तिथेच होती, त्यामुळे त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

घराचं भाडं घरमालकाच्या वडिलांनी ठरवलेलं. आजच्या भावानं त्यात चार माणसांचा चहा आणि आलूबोंडा कसाबसा बसला असता. भाडं वाढवायचा अर्ज घरमालकानं दिला होता. तो त्याच्याच घरात, त्याच्याच ओट्यावर, त्याच्याच डोळ्यांदेखत पडून होता. पण हात लावायची सोय नव्हती, कारण आता तो शासकीय दस्तऐवज झाला होता.

तर हे भाडं वाचवायचं होतं. त्यासाठी तालुक्याच्या गावी, सेलूला, शासनाच्या मालकीची एक जागा रिकामी आहे, तिथे बिनभाड्यानं जायचं, असा प्रस्ताव. पानठेल्यावर लगेच दोन पक्ष पडले. चहावाला, झेरॉक्सवाला आणि अर्ज लिहून देणारा असे तिघे कार्यालय जाऊ नये या बाजूचे; त्यांच्या मते हा गावाच्या अस्मितेचा प्रश्न होता. घरमालक जावं या बाजूचा. त्याच्या मते हा राष्ट्रीय काटकसरीचा प्रश्न होता. ज्यांच्याकडे वसुली निघाली होती तेही जावं म्हणत होते, पण बोलत नव्हते. एक आजोबा मात्र निराळंच म्हणाले, "हापिस गेलं तं साहेब लोक येनार नाई. मंग इथल्या रस्त्याचे गड्डे कोनाच्या गाडीले लागतीन? आन् गाडीले गड्डा लागल्याबिगर रस्ता होते काय बाप्पा?"

हा मुद्दा कुठल्याही समितीला सुचला नसता.

काटकसरीचा विषय निघाला म्हटल्यावर ठेल्यावरच्या अर्थतज्ज्ञांना आवरणं कठीण. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्या वेळी वीज, पाणी आणि इंधन वाचेल हेही एक कारण दिलं होतं. त्यावरून कुणीतरी गणित मांडलं, की दोन दिवस बंद ठेवून एवढी बचत होत असेल तर साती दिवस बंद ठेवलं तर राज्य कर्जातून निघेल. दुसऱ्यानं सांगितलं, आपल्या इथे तो प्रयोग चालूच आहे, फक्त जाहीर केलेला नाही.

वास्तविक भाड्याचं निमित्त होतं. खरं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे, आणि आमचं कार्यालय नियमाचं पक्कं असल्यामुळे सगळे कर्मचारी कागदोपत्री हिंगणीत राहतात. राहतात प्रत्यक्षात नागपूरला. सकाळी गाडीनं येतात, संध्याकाळी गाडीनं जातात. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात आणि तो नोकरीचाच एक भाग समजला जातो. त्यांच्यासाठी रेल्वे सेलू रोड स्टेशनापर्यंत. तिथून हिंगणीपर्यंत एसटी, काळीपिवळी, नाहीतर एखाद्या ओळखीच्या मोटरसायकलवर तिसरा. तालुक्याच्या गावी कार्यालय गेलं की हा शेवटचा टप्पा वाचतो. म्हणजे बघा, दप्तराच्या हिशेबानं हिंगणीत सगळे बाबू राहतात. राहत नाही तो मी एकटा.

प्रस्तावावर हरकती आणि सूचना मागवल्या आहेत असं कळलं. शाळेत निबंधात मी पहिला यायचो. पुढे कुठल्याच बाबतीत पहिला आलो नाही, त्यामुळे निबंधाची संधी मी सोडत नाही. एका पानात 'माझी हरकत आहे' एवढं लिहायचं होतं. मी फुलस्केप कागदांचा दस्ता घेऊन बसलो.

सुरुवात अर्थातच वर्ध्यापासून केली. 1862 पर्यंत आपला जिल्हा नागपूर जिल्ह्यातच होता. कारभाराच्या सोयीसाठी तो वेगळा काढला आणि मुख्यालय ठेवलं पुलगावजवळच्या कवठ्याला. चार वर्षं झाली नाहीत तोच, 1866 मध्ये, मुख्यालय उचलून पालकवाडी नावाच्या खेड्यात आणलं. तिथल्या झोपड्या हटवल्या आणि त्या जागी आजचं वर्धा शहर आखलं. ध्यानात घ्या, कार्यालय गावात गेलं नाही. कार्यालय आलं आणि गाव गेलं. आज पालकवाडी शोधायला निघालात तर कलेक्टर कचेरी सापडेल. कवठ्याच्या लोकांनी तेव्हा हरकती घेतल्या होत्या की नाही, हे लिहिताना माझा हात थोडा थरथरला. मला वाटलं, त्या कुठल्या तरी ओट्यावर अजून असतील.

पुढे इंग्रजांच्या बिऱ्हाडाबद्दल दोन पानं झाली. 1864 पासून हिंदुस्थान सरकार दर उन्हाळ्यात कलकत्त्याहून सिमल्याला जायचं. मुंबई सरकार महाबळेश्वरला. आपण मध्य प्रांतात, तर आपलं सरकार पचमढीला. मे महिन्यात हिंगणीतल्या माणसाचं काही काम निघालं तर ते सातपुड्याच्या थंड हवेत, आणि माणूस इथे पळसाच्या सावलीला. बरं, या सगळ्या हलवाहलवीला तेव्हा कुणी उधळपट्टी म्हटलं तर उत्तर तयार असे, की गरम डोक्यानं घेतलेले निर्णय सरकारला महाग पडतात. उत्तर इतकं बिनतोड आहे की आमच्या साहेबांनी त्यावरून कूलर मागवला होता.

आणि मग गांधीजी. काटकसर आणि स्थलांतर हे दोन शब्द वर्धा जिल्ह्यात एका वाक्यात आले की गांधीजींना टाळून जाताच येत नाही. 1936 मध्ये ते वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, सामान गावातलंच वापरायचं, ही त्यांची अट. बघता बघता देशाचा अर्धा कारभार त्या मातीच्या भिंतींतून चालू लागला आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तिथे फोन बसवून द्यावा लागला. तो आजही सेवाग्रामला पाहायला मिळतो. पण मला भिडते ती वेगळीच गोष्ट. त्यांचं टपाल चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या संतांच्या शेगावला जायचं. म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. आख्ख्या देशाला ज्यांचा पत्ता पाठ, त्यांचीही पत्रं दुसऱ्या गावी जात होती, हे वाचलं आणि हिंगणघाटचा रहिवासी म्हणून मला फार धीर आला.

हा मजकूर बायकोला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यायनं गावाचं नाव बदलवलं. तुमाले रजिस्टरातलं एक अक्षर बदलवता येत नाई."

मी तो परिच्छेद तसाच ठेवला, पण पुढे वाचून दाखवलं नाही. पुढे तर माझा हुकमी मुद्दा होता. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात बसून इंग्रजांनी हा देश सोडावा असा ठराव केला. सरकार हलवण्याचा याहून मोठा प्रस्ताव जगात कुणी केला नसेल. खर्च शून्य, कारण जाण्याचं भाडं त्यांचं त्यांनी द्यायचं होतं. आणि तरी अंमलबजावणीला पाच वर्षं लागली. प्रस्ताव वर्ध्यातून गेला की एवढं चालायचंच.

नागपूरबद्दल लिहायला घेतलं तेव्हा शाई संपली, इतका तो विषय मोठा. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात ठरलं, की सरकारनं दर वर्षी ठराविक काळ नागपूरला मुक्काम हलवायचा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचं. 1960 पासून बहुतेक दर हिवाळ्यात हे घडतं. मुंबईहून फायलींचे गठ्ठे येतात, सचिव येतात, कारकून येतात, शिपाई येतात. मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात. रस्त्यावर मोर्चे, सावजीच्या खानावळींसमोर रांगा, आणि शनिवार-रविवारी ताडोबात वाघांना लोकप्रतिनिधींचं दर्शन. मग यावर होणारा खर्च वाचवावा की नाही, यावर त्याच अधिवेशनात बोलणं होतं. 2018 मध्ये तर पावसाळी अधिवेशन नागपूरला नेलं. 6 जुलैला असा पाऊस झाला की विधान भवनाला वीज पुरवणाऱ्या खोलीतच पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज तहकूब करावं लागलं. विदर्भाला पाणी मिळत नाही ही तक्रार त्या दिवसापुरती तरी सभागृहात कुणाला मांडता आली नसती.

आता गंमत अशी की मी स्वतः या खर्चाच्या बाजूचा आहे. सरकार आपल्याकडे वर्षातून दोन आठवडे का होईना येतं, रस्ते रंगवले जातात, दुभाजकांवर कुंड्या येतात, गरीब मोर्चेकऱ्याला मुंबईचं तिकीट न काढता मंत्र्यावर ओरडता येतं. भाडं कुणीतरी भरायचंच असेल तर ते सरकारनं भरलेलं मला चालतं. पण हे माझ्या हरकतीच्या अर्जात उलटं पडत होतं, की सोयीचं होतं, हे मला रात्री अकरा वाजता कळेना. म्हणून मी मुंबईतल्या नरिमन पॉइंटवर गेलो. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, खाती इकडेतिकडे पांगली, भाड्याच्या जागांत गेली. शेवटी सरकारनं 2024 मध्ये एअर इंडियाची तेवीस मजली इमारत 1,601 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, कारण आपली जागा झाली की भाडं वाचतं. आमच्या हिंगणीच्या घरमालकानं हे वाचलं आणि तो म्हणाला, "मी तं याच्याहून बरंच स्वस्तात देऊन राह्यलो."

अर्ज द्यायला गेलो तेव्हा बाबूंनी माझा दस्ता हातात तोलला. न वाचता. म्हणाले, "काकाजी, हरकतीचा कॉलम येवढाच हाये." आणि तर्जनी-अंगठ्यात चिमटीएवढं अंतर दाखवलं. मी कॉलमात 'हरकत आहे, सोबत कागद जोडले आहेत' असं लिहिलं. त्यांनी कागद जोडायला टाचणी मागितली. टाचण्या स्थलांतरासाठी आधीच बांधून झाल्या होत्या.

म्हणजे ठरलं होतं. हरकती मागवणं हाही हलवण्याच्या कामाचाच एक भाग होता.

हलवण्याच्या दिवशी सगळं गाव जमलं. बैलपोळ्याला जमतं त्याहून जास्त. ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानं आली. टेबलं निघाली, खुर्च्या निघाल्या, एक खुर्ची निघाली तिचा पाय खोलीतच राहिला. लोखंडी कपाटापाशी गाडी अडली. कपाट दारातून जाईना. उभं, आडवं, तिरपं, सगळं करून झालं. मग गावातल्या जुन्या सुताराला आठवलं, की कपाट आत ठेवल्यानंतर घरमालकाच्या वडिलांनी दार लहान करून घेतलं होतं, ऊन येतं म्हणून. कपाट न्यायचं तर भिंत फोडावी लागणार. भिंत फोडायची तर घरमालकाला भरपाई द्यावी लागणार. भरपाईचा अर्ज कुणाकडे करायचा? कार्यालयाकडे. कार्यालय कुठे? ट्रॉलीत.

साहेबांनी तिथल्या तिथे भिंत फोडायची तोंडी परवानगी दिली आणि लेखी मागू नका असं सांगितलं. भिंत फुटली. कपाट ट्रॉलीत सगळ्यात खाली गेलं, त्यावर टेबलं, त्यावर गठ्ठे, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर शिपाई. हमाली झाली, दोरखंड झाला, सगळ्यांचा चहा झाला, दुपारी चहा पुरत नाही म्हणून जेवण झालं. ट्रॉली तालुक्याच्या गावी पोचली तेव्हा संध्याकाळ. नव्या जागेला कुलूप. किल्ली कुठाय? साहेब म्हणाले, काळजी नको, किल्ली आपण सुरक्षित ठेवली आहे. कपाटात.

दुसऱ्या दिवशी हिंगणीतल्या जुन्या दारावर एक कागद लागला. त्यावरची भाषा मी पाठ करून ठेवली आहे: 'सदर कार्यालय काटकसरीच्या कारणास्तव स्थलांतरित झाले असून नवीन पत्त्यासाठी कार्यालयात समक्ष चौकशी करावी.'

नवी जागा दुसऱ्या मजल्यावर होती. बिनभाड्याची खरी, पण तिला रंग नव्हता, तो लावला. पंखे नव्हते, ते लावले. साहेबांना वेगळी खोली नव्हती म्हणून लाकडी पार्टिशन केलं, आणि पार्टिशन झाल्यावर त्यांच्याकडे हवा जाईना म्हणून एसी बसवला. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. बाहेर फलक. फलकाच्या अनावरणाला हार, पेढे आणि वर्ध्याहून मागवलेला गोरसपाक. मी शिपायाला हळूच विचारलं, एवढा खर्च झाला, मग वाचलं काय?

"भाडं वाचलं ना जी!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात शंकेला जागा नव्हती.

आणि ते खोटंही नव्हतं. भाड्याचा रकाना वेगळा, रंगाचा वेगळा, इन्व्हर्टरचा वेगळा. भाड्याच्या रकान्यात आता शून्य होतं. आमच्या एसटीच्या तिकिटाला तर कुठला रकानाच नव्हता. हिंगणीहून माणूस तालुक्याला जायचा, त्याची मजुरी बुडायची, दुपारी उपाशी कसं राहायचं म्हणून आलूबोंडा खायचा, 'साहेब सीटवर नाहीत' हे ऐकायचा आणि परत यायचा. घरमालकाला कार्यालय जे भाडं देत होतं तेवढं आता गावातली माणसं मिळून आठवड्याला एसटीला देऊ लागली. सरकारी दृष्टीनं ही बचतच. एसटी सरकारचीच आहे.

या संकटातून वाट काढली ती बायकांनी. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. घराघरांत हिशेब झाला आणि पुरुषांनी कार्यालयात जायचं बंद करून बायकांना पाठवायला सुरुवात केली. पंच्याहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना तर फुकटच प्रवास, त्यामुळे काही घरांनी आजोबा पाठवले. परिणाम असा झाला, की इतके दिवस 'उद्या या' म्हटलं की निमूट उठणारी माणसं ज्या बाकावर बसत, तिथे आता सोयाबीनच्या गंजीचं वजन डोळ्यांनी करणाऱ्या बायका आणि कुठेही जायची घाई नसलेले म्हातारे बसू लागले. एका आजोबांना बाबूंनी 'उद्या या' म्हटलं तर ते म्हणाले, "येतो. मले फुकट हाये. परवाबी येतो." बाबूंनी त्यांचं काम त्याच दिवशी केलं.

मीही बायकोला पाठवलं. अर्ध्या तिकिटात.

ती सोबत निवडायची भाजी घेऊन गेली. बाबूंच्या टेबलासमोर बसली आणि निवडू लागली. बाबू म्हणाले, बाई, इथं हे चालत नाही. ती म्हणाली, "मग मालकाचं गाव लिवून द्या, मी उठते." कॉम्प्युटर सुरू झाला, सर्व्हर डाऊन झाला, पुन्हा आला. मेथीची एक जुडी निवडून व्हायच्या आत दुरुस्ती झाली. मला जे इतकी वर्षं जमलं नाही ते तिनं एका जुडीत केलं. घरी येऊन तिनं कागद माझ्यासमोर टाकला. मी चष्मा लावून वाचलं. गाव हिंगणी. डोळे भरून आले. तालुका सेलू. वा! जिल्हा परभणी.

आता सेलू नावाचा एक तालुका परभणी जिल्ह्यातही आहे, आणि कॉम्प्युटरच्या यादीत तो आधी येतो, यात कुणाचाच दोष नाही. पण माझी अडचण समजून घ्या. आधी मी नागपूर जिल्ह्यात होतो, मग हिंगणघाटला, आणि आता या कागदानं मला मराठवाड्यात नेऊन सोडलं आहे. बायको म्हणते, "गाव तं बरोबर आलं का नाही?" हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं आहे.

इकडे कार्यालयात नवी चर्चा सुरू आहे. दुसरा मजला चढताना म्हाताऱ्यांना धाप लागते, लिफ्ट बसवायला निधी नाही, तर काटकसर म्हणून तळमजल्यावर एखादी भाड्याची जागा पाहावी असा प्रस्ताव आहे. हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. या वेळी मी इतिहास लिहिणार नाही. मला एकच सूचना करायची आहे आणि ती खर्चात सर्वांत कमी आहे.

कार्यालय नागपूर-वर्धा पॅसेंजरमध्ये भरवा. सकाळच्या गाडीत जिल्ह्यातले सगळे बाबू, सगळे साहेब, आवक आणि जावक दोन्ही एकाच डब्यात असतात. वेळेवर असतात, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. ब्रीफकेस मांडीवर आडवी असते. सध्या तिच्यावर पत्ते पडतात, तिथे रजिस्टर ठेवलं तर टेबलाचा खर्च वाचतो. जागेला भाडं नाही, पास आधीच काढलेले, पंखे रेल्वेचे, वीज रेल्वेची. गाडी गावोगाव थांबते, म्हणजे कार्यालय आपल्या दारी. मुख्यालयी राहण्याचा प्रश्नही मिटतो, कारण मुख्यालयच त्यांच्याबरोबर घरी जाईल. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात तीच एक जागा आहे, जिथे साहेब सीटवर असतात.

या सूचनेवर मी सह्या गोळा करतो आहे. पटत असेल तर तुम्हीही करा. पेन मात्र घरून आणा.